विश्लेषण : लोणारच्या दगडातल्या लोहाची ‘साक्ष’ वाचायची कशी? अणुकेंद्रकाजवळच्या विद्युत क्षेत्राचे गणित का महत्त्वाचे?

लोणार म्हटले की बहुतेकांना तीन गोष्टी आठवतात. जून २०२० मध्ये गुलाबी झालेले पाणी, दैत्यसूदनाचे मंदिर आणि आकाशातून पडलेला दगड. बुलढाणा जिल्ह्यातील या विवराची खरी नोंद मात्र पाण्यात किंवा मंदिराच्या भिंतीवर नाही. ती काठावरच्या आणि आसपासच्या शेतांत विखुरलेल्या काळ्या दगडांत आहे, आणि त्यातही दगडातल्या लोहाच्या अणूंत आहे.

ही नोंद वाचण्याच्या काही रीतींपैकी एक थेट अणूच्या केंद्रकापर्यंत जाते. केंद्रकाच्या जागी विद्युत क्षेत्र किती झपाट्याने बदलते, हे ती सांगते. हा आकडा प्रयोगशाळेत मोजता येतो, मात्र त्याचा अर्थ लावायचा तर गणित लागते. धातूंच्या बाबतीत या गणिताने भौतिकशास्त्रज्ञांना अनेक दशके झुंजवले. ते गणित काय आहे, मंगळावर त्याचा उपयोग कसा झाला आणि लोणारशी त्याचा संबंध काय, याचा हा आढावा.

लोणारच्या दगडात एवढे विशेष काय?

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. ते दख्खनच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणात तयार झाले. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. विवर ज्वालामुखीचे की उल्कापाताचे, यावर दीर्घकाळ वाद होता. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कर्ट फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि उल्कापाताच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला. तळाशी घेतलेल्या कूपनलिकांतून निघालेल्या दगडांत ‘मास्केलिनाइट’ सापडले होते.

मास्केलिनाइट म्हणजे काच. पण ही काच वितळून झालेली नाही. बेसॉल्टमधील फेल्डस्पार या खनिजाच्या स्फटिकांवर वातावरणाच्या दाबाच्या दोन लाख पटींहून अधिक दाब क्षणार्धात पडला, की स्फटिकातली अणूंची शिस्त मोडते आणि त्याची काच होते. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही.

बेसॉल्टमध्ये तयार झालेली आघातविवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत. त्यांतले सर्वांत चांगले टिकलेले विवर लोणारचे मानले जाते. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग आणि चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच. त्यामुळे मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी लोणार ही हाताशी असलेली प्रयोगशाळा ठरते.

बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असते. पायरोक्सिन, ऑलिव्हीन, टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट अशा वेगवेगळ्या खनिजांत ते बसलेले असते. आघाताने दगड दाबला गेला, वितळला, हवेत उडाला, पुन्हा थिजला. या प्रत्येक टप्प्यावर लोहाच्या अणूचे शेजारी बदलले असणार. शेजार बदलला की केंद्रकाजवळचे विद्युत क्षेत्र बदलते.

विद्युत क्षेत्राची प्रवणता म्हणजे काय?

इंग्रजीत याला ‘इलेक्ट्रिक फील्ड ग्रेडियंट’ म्हणतात. मराठीत ‘विद्युत क्षेत्राची प्रवणता’ म्हणता येईल. समजून घ्यायला जमिनीचा चढउतार उपयोगी पडतो. जमिनीची उंची म्हणजे विद्युत विभव, उतार म्हणजे विद्युत क्षेत्र आणि तो उतार पुढे किती बदलतो ती प्रवणता, असे समजावे.

आता दोन जागा डोळ्यांसमोर आणा. पहिली, लोणारच्या विवराचा तळ. मध्यभागी जमीन सपाट आहे, पण कोणत्याही दिशेला चालत गेले तरी चढच लागतो. दुसरी जागा, घाटातली खिंड. तिथेही मध्यभागी जमीन सपाट असते. पण रस्त्याने पुढे-मागे गेले तर उतार लागतो आणि डावी-उजवीकडे गेले तर डोंगर चढावा लागतो.

केंद्रकाच्या ठिकाणी या दोन्ही आकारांचा परिणाम जाणवतो. सर्व दिशांना सारखा असणारा ‘वाडग्या’चा भाग केंद्रकावर इलेक्ट्रॉनांची घनता किती आहे, हे सांगतो. दिशेनुसार बदलणारा ‘खिंडी’चा भाग म्हणजे इथे विचारात घेतलेली प्रवणता. अणूच्या भोवतीचे शेजारी सर्व बाजूंनी सारखे बसले असतील, जसे घनाकृती स्फटिकात असतात, तर खिंड तयारच होत नाही. प्रवणता शून्य येते. शेजार एका दिशेला ताणलेला किंवा चेपलेला असेल, तर ती शून्य राहत नाही.

म्हणून हा आकडा शेजाराची सममिती सांगतो. अणू कोणत्या खनिजात बसला आहे, त्याची रचना शिस्तीची आहे की मोडलेली, हे त्यातून कळू शकते.

ती मोजतात कशी?

बरीच केंद्रके पूर्ण गोल नसतात. काही लांबट, काही चपटी असतात. लांबट वस्तू खिंडीत ठेवली, तर ती रस्त्याच्या दिशेने ठेवणे आणि आडवी ठेवणे सारखे नसते. तसेच केंद्रकाचे होते. वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या केंद्रकाची ऊर्जा किंचित वेगळी होते. हा फरक मोजला, की प्रवणतेचा अंदाज येतो.

लोहासाठी सर्वांत उपयोगी पडते ते मॉसबाउर तंत्र. रुडॉल्फ मॉसबाउर यांनी १९५८ मध्ये हा परिणाम शोधला आणि १९६१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. निसर्गातल्या लोहात ‘लोह-५७’ हे समस्थानिक दोन टक्क्यांच्या आसपास असते. त्याचे केंद्रक ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण शोषते. किरणांचा स्रोत पुढे-मागे हलवून त्यांची ऊर्जा अतिशय बारकाईने बदलता येते. त्यासाठी लागणारा वेग गोगलगायीच्या चालीएवढा, सेकंदाला काही मिलिमीटर.

प्रवणता शून्य असेल आणि चुंबकीय क्षेत्र नसेल, तर आलेखावर एकच खाच दिसते. प्रवणता असेल तर दोन खाचा दिसतात. त्या दोघींमधले अंतर मिलिमीटर प्रति सेकंद या एककात मोजतात. एक मिलिमीटर प्रति सेकंद म्हणजे गॅमा किरणांच्या ऊर्जेत एक लाख कोटीत सुमारे तीन भाग एवढा फरक.

ऑलिव्हीनमधील लोहासाठी हे अंतर तीनच्या आसपास येते, पायरोक्सिनसाठी साधारण दोन, तर गंजासारख्या अतिसूक्ष्म ऑक्साइडसाठी एकपेक्षा कमी. यामागे कारण आहे. ऑलिव्हीन आणि पायरोक्सिनमधील लोहाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. त्याच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन उरतात. पाच इलेक्ट्रॉन मिळून गोल ढग करतात, पण सहावा तो गोलपणा मोडतो. ऑक्साइडमधील लोहाने तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, पाचच उरतात आणि प्रवणता कमी राहते.

मोजता येते, मग गणित कशाला?

कळीचा प्रश्न हाच. प्रयोगात मिळणारा आकडा हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो. एक, केंद्रक गोलाकारापासून किती ढळले आहे. दुसरी, त्या जागची प्रवणता. गुणाकार १२ आला म्हणजे ३ गुणिले ४ की २ गुणिले ६, हे प्रयोग सांगत नाही. दोघांपैकी एक गोष्ट स्वतंत्रपणे कळली तरच दुसरी काढता येते.

खनिज ओळखीचे असेल तर काम सोपे. प्रयोगशाळेतल्या शुद्ध नमुन्याची खूण शेजारी ठेवायची आणि ताडून पाहायची. बोटांचे ठसे जुळवावेत तसे. पण आघाताने झालेली काच, मोडकळीस आलेला स्फटिक किंवा पूर्वी न पाहिलेली मिश्रधातू समोर आली, की जुळवायला ठसाच नसतो. ‘अणू असे बसले असतील तर प्रवणता किती येईल’ हे मग गणितानेच काढावे लागते.

धातूंमध्ये हे गणित अवघड का?

आयनांच्या स्फटिकात सुरुवात सोपी वाटते. प्रत्येक शेजाऱ्याचा विद्युतभार घ्यायचा, अंतराच्या घनाने भागायचा, दिशा लक्षात घ्यायची आणि बेरीज करायची. पण अणूचे स्वतःचे आतले इलेक्ट्रॉनही बाहेरच्या क्षेत्राने किंचित विस्कटतात आणि परिणाम कितीतरी पटींनी वाढवतात. रुडॉल्फ स्टर्नहायमर यांनी १९५० च्या दशकात हा परिणाम गणितात बसवला. कॅडमियमसारख्या जड अणूत ही वाढ सुमारे ३० पट येते.

धातूंत आणखी एक अडचण. तिथे काही इलेक्ट्रॉन कोणत्याही एका अणूचे नसतात, ते धातूभर फिरत असतात. ते शेजाऱ्यांचे भार झाकतात, पण सर्व बाजूंनी सारखे झाकत नाहीत. शिवाय प्रवणतेत अंतराचा घन येतो, म्हणून केंद्रकाच्या अगदी जवळ असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगात जरासा एकांगीपणा आला तरी उत्तर पार बदलते. दूरच्या हजारो आयनांची बेरीज अचूक केली, पण जवळच्या ढगाचा आकार किंचित चुकला, तर सगळे मुसळ केरात.

जस्त, कॅडमियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम हे धातू षटकोनी रचनेत स्फटिकतात. गोळ्या दाटीवाटीने रचल्या, तर या रचनेत उंची आणि पायाचे गुणोत्तर १.६३३ येते. मॅग्नेशियमचे प्रत्यक्ष गुणोत्तर त्याच्या अगदी जवळ, १.६२४ आहे. जस्ताचे १.८६, कॅडमियमचे १.८९. म्हणजे हे दोन धातू एका दिशेला चांगलेच ताणलेले आहेत. त्यामुळे प्रवणतेचे गणित ताडून पाहायला ते उत्तम ठरले.

१९७५ मध्ये काय घडले?

भारतात जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ रमास्वामी राघवन, त्यांच्या पत्नी प्रमिला राघवन आणि एल्टन कॉफमन यांनी त्या वर्षी एक साधा, पण चकित करणारा संबंध मांडला. अनेक धातूंची मोजमापे त्यांनी एकाच आलेखावर ठेवली. आडव्या अक्षावर आयनांमुळे येणारी प्रवणता आणि उभ्या अक्षावर उरलेली, म्हणजे फिरत्या इलेक्ट्रॉनांची.

ठिपके साधारण एका सरळ रेषेवर बसले. इलेक्ट्रॉनांचा वाटा आयनांच्या वाट्याच्या उलट दिशेचा आणि त्याच्या सुमारे तिप्पट होता. म्हणजे धातूत इलेक्ट्रॉन फक्त झाकण्याचे काम करत नाहीत, ते चिन्हच उलटवतात. आयनांचीच बेरीज करून थांबणारा हिशेब आकारातच नव्हे, तर दिशेतही चुकत होता. राघवन पुढे न्यूट्रिनो कणांच्या संशोधनासाठी अधिक ओळखले गेले.

१९७६ मध्ये दुसरे कोडे पुढे आले. तापमान वाढले की या धातूंमधील प्रवणता कमी होते आणि ही घट तापमानाच्या दीड घाताच्या प्रमाणात असते. धातू वेगळे, तरी नियम एकच. अणू आपल्या जागी थरथरतात, तापमानाबरोबर ही थरथर वाढते आणि सरासरी शेजार अधिकाधिक ‘गोल’ वाटू लागतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. भारतीय वंशाचे पुरू जेना यांनी त्याच वर्षी या दिशेने मांडणी केली. ही साधीसरळ स्पष्टीकरणे होती, पण धातूच्या क्रमांकावरून थेट प्रवणता काढणे अजून जमले नव्हते.

संगणकाने काय बदलले?

वॉल्टर कोन यांनी १९६४-६५ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या घनता फलन सिद्धांताने वाट मोकळी झाली. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढण्याऐवजी त्यांच्या एकूण घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढता येतात, हा त्याचा गाभा. कोन यांना १९९८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

व्हिएन्नातील पीटर ब्लाहा आणि कार्लहाइन्झ श्वार्त्स यांनी ही पद्धत प्रवणतेसाठी वापरली. त्यांनी १९८५ मध्ये लिथियम नायट्राइड आणि १९८८ मध्ये पी. एच. डेडरिक्स यांच्यासह षटकोनी धातू घेतले. कोणताही प्रायोगिक आकडा न घालता, फक्त अणुक्रमांक आणि स्फटिकाची मापे देऊन प्रवणता काढली. उत्तरे मोजमापांशी चांगली जुळली.

या गणिताने जुने चित्रही बदलले. प्रवणतेचा मोठा वाटा दूरच्या आयनांकडून येत नाही. तो त्याच अणूच्या, केंद्रकाला लगटून असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या एकांगीपणातून येतो. शेजारी त्या ढगाला आकार देतात, पण केंद्रकाशी बोलतो तो ढगच. २००६ मध्ये कॅडमियमच्या तापमानाबरोबर होणाऱ्या घटीचेही अशाच पहिल्या तत्त्वांवरून गणित मांडले गेले.

लोहाचा आकडा दुप्पट कसा झाला?

या गणिताचा सर्वांत ठोस उपयोग लोहाच्या बाबतीत झाला. लोह-५७ च्या केंद्रकाचे मूळ अवस्थेतले फिरणे असे असते, की त्याचा लांबटपणा प्रयोगात दिसतच नाही. तो दिसतो फक्त मॉसबाउर प्रयोगात वापरल्या जाणाऱ्या उत्तेजित अवस्थेत. ही अवस्था सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढीच टिकते. त्यामुळे केंद्रकाचा लांबटपणा काढायला प्रवणतेचे गणित हाच मुख्य आधार होता.

१९८१ मध्ये तारा प्रसाद दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह क्लोराइडच्या रेणूंवरून हा आकडा सुमारे ०.०८ बार्न असा काढला. बार्न हे केंद्रकाच्या मापांचे एकक. दास हे या क्षेत्रातले जगभर मानले गेलेले नाव. एरविन हान यांच्यासह १९५८ मध्ये लिहिलेले त्यांचे पुस्तक अनेक वर्षे संदर्भग्रंथ होते.

१९९५ मध्ये फिलिप डुफेक, ब्लाहा आणि श्वार्त्स यांनी वेगळी वाट घेतली. एका रेणूऐवजी लोहाची अनेक संयुगे घेतली, प्रत्येकाची प्रवणता गणिताने काढली आणि मोजलेल्या अंतरासमोर ठेवली. ठिपके सरळ रेषेत आले. रेषेच्या चढावरून केंद्रकाचा आकडा मिळाला, ०.१६ बार्न. म्हणजे आधीच्या आकड्याच्या दुप्पट.

याचा परिणाम कागदावरचा नव्हता. खाचांमधल्या एक मिलिमीटर प्रति सेकंद अंतरामागे प्रवणता किती, हे उत्तर एकदम निम्मे झाले. नव्या आकड्याने ती ६ वर २१ शून्ये व्होल्ट प्रति चौरस मीटर येते. हा उतार अणूच्या रुंदीएवढ्या अंतरावर तसाच टिकला असता, तर तेवढ्यात क्षेत्राचा फरक हवेत ठिणगी पाडणाऱ्या क्षेत्राच्या दोन लाख पट झाला असता.

मंगळावर हे कसे उपयोगी पडले?

जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ या नासाच्या गाड्या मंगळावर उतरल्या. दोन्हींच्या हातावर जर्मनीच्या माइन्झ विद्यापीठातील ग्योस्टार क्लिंगेलहोफर यांच्या गटाने बनवलेले छोटे मॉसबाउर यंत्र होते. गॅमा किरणांचा स्रोत होता कोबाल्ट-५७, तोही ऱ्होडियम या धातूत बसवलेला. ऱ्होडियमच का? त्याची रचना घनाकृती आहे. तिथे प्रवणता शून्य, म्हणून स्रोताकडून एकच स्वच्छ रेषा निघते. म्हणजे धातूतल्या प्रवणतेचे शास्त्र यंत्राच्या गाभ्यातच होते.

‘ऑपॉर्च्युनिटी’ जिथे उतरली ते विवर लोणारच्या तुलनेत खेळण्याएवढे, सुमारे २२ मीटरचे. तिथल्या खडकात सुमारे १.२ मिलिमीटर प्रति सेकंद अंतराच्या दोन खाचा दिसल्या. ती जॅरोसाइट या खनिजाची खूण होती. जॅरोसाइट पाण्याशिवाय तयार होत नाही आणि त्याला आम्लधर्मी पाणी लागते. एकेकाळी तिथे पाणी होते, याचा तो बळकट पुरावा ठरला. गंमत म्हणजे लोणारचे पाणी नेमके उलट, तीव्र अल्कधर्मी आहे.

जानेवारी २००५ मध्ये याच गाडीला तिच्या टाकून दिलेल्या उष्णतारोधक कवचाजवळ एक विचित्र दगड दिसला. मॉसबाउर यंत्राने तो लोह-निकेलचा, म्हणजे लोही अशनी असल्याचे दाखवले. त्यातल्या ‘कॅमासाइट’ या मिश्रधातूची रचना घनाकृती असते. तिथे प्रवणतेची खूण दिसत नाही, फक्त चुंबकीय क्षेत्राच्या सहा रेषा दिसतात. प्रवणता नसणे हीसुद्धा ओळख असते.

उलट उदाहरण ‘टेट्राटेनाइट’चे. यात लोह आणि निकेलचे थर एकाआड एक बसलेले असतात, त्यामुळे घनाकृती बिघडते आणि प्रवणता दिसू लागते. अशी शिस्त लागायला धातू लाखो वर्षे संथपणे थंड व्हावा लागतो. म्हणून अशनीमध्ये ही खूण दिसली, की तो आपल्या मूळ खगोलात किती सावकाश निवाला याचा अंदाज बांधता येतो.

लोणारसाठी याचा अर्थ काय?

लोणारला आदळलेला दगड बहुतांश वाफ होऊन गेला, त्याचा मोठा तुकडा कुणाला मिळालेला नाही. पण आघातात उडालेल्या थेंबांचे सूक्ष्म गोलक मिळाले आहेत. त्यांच्यात स्थानिक बेसॉल्टपेक्षा निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम जास्त असल्याने तो दगड ‘कॉन्ड्राइट’ प्रकारचा असावा, असे संशोधक मानतात.

अशा गोलकांतले लोह कोणत्या रूपात आहे? दोन इलेक्ट्रॉन गमावलेले की तीन? धातूरूपात काही उरले आहे का? आघाताच्या काचेत लोहाचा शेजार किती विस्कटलेला आहे? हे प्रश्न प्रवणतेच्या भाषेतले आहेत. शिस्तबद्ध स्फटिकात सर्व लोह अणूंना जवळपास सारखी प्रवणता जाणवते, म्हणून खाचा अरुंद येतात. काचेत प्रत्येकाचा शेजार वेगळा, म्हणून खाचा पसरट होतात. तो पसरटपणा वाचायला ब्लाहा-श्वार्त्स घराण्याचे गणित लागते. आजकाल ते विद्यापीठाच्या संगणक संचावर करता येते.

एक खुलासा येथे आवश्यक आहे. विवराजवळच्या अंबर तळ्यापाशी मोठ्या मारुतीची निद्रिस्त मूर्ती आहे. ती चुंबकीय दगडाची असल्याचे पर्यटकांना सांगितले जाते. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असते, त्यामुळे अशा दगडाजवळ होकायंत्राची सुई हलणे नवलाचे नाही. पण तेवढ्यावरून दगड आकाशातून आला, असे ठरत नाही. पृथ्वीवरचा दगड आणि अशनी यांतला फरक सुईने नव्हे, अशा सूक्ष्म मोजमापांनी ठरतो.

मग अडते कुठे?

अडते नमुन्यांवर. गणित तयार आहे, संगणक आहेत आणि मॉसबाउर यंत्रेही देशात आहेत. इंदूरच्या यूजीसी-डीएई कन्सोर्शियममध्ये ती सुविधा आहे. पण दगड कुठून, किती खोलीवरून, कोणत्या थरातून उचलला, याची नोंद नसेल तर त्यातल्या लोहाची साक्ष न्यायालयात बेपत्ता साक्षीदाराच्या जबानीएवढीच.

लोणारच्या वयावरून हे स्पष्ट होते. १९९७ मध्ये तापदीप्ती पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षे आले. २०११ मध्ये आघाताच्या काचेवर आर्गॉन पद्धत वापरल्यावर ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दहापटीहून अधिक फरक. असे वाद मिटवायला चांगले, नोंद असलेले, न हलवलेले नमुने लागतात.

विवराचा आतला भाग आज संरक्षित आहे. २००० मध्ये तेथे अभयारण्य जाहीर झाले, २०२० मध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही संवर्धनाच्या प्रश्नात लक्ष घातले. पण आघाताने उडालेला मलबा काठापासून एक किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला आहे. काचेचे तुकडे आणि गोलक सापडतात ते मुख्यतः याच पट्ट्यात. तिथे शेती आहे, वस्ती आहे, रस्ते आहेत. लोणार गावही विवराच्या काठालाच लागून आहे. नांगरट, पायाखोदाई आणि ‘आठवण’ म्हणून दगड खिशात टाकणारे पर्यटक, या तिघांतून नोंद पुसली जाते. यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्याच्या शेतात काय पडले आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही.

काय करता येईल?

पर्यटनाच्या आराखड्यात पायऱ्या, दिवे आणि वाहनतळ असतात. त्यात तीन गोष्टींची भर पडायला हवी, आणि त्यांना फार मोठा खर्च नाही.

पहिली, मलब्याच्या पट्ट्याचा तपशीलवार नकाशा आणि खोदकामापूर्वी नमुने घेण्याची सक्ती. विहीर किंवा घराचा पाया खणला जात असेल, तेव्हा भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने दिवसभर तिथे उभे राहून थरांची नोंद घेतली तरी पुष्कळ काम होईल. शेतकऱ्याची जमीन अडवायची गरज नाही, त्याला या कामात सहभागी करून मोबदला देता येईल.

दुसरी, नोंद असलेल्या नमुन्यांचे सार्वजनिक भांडार. आज एखाद्या संशोधकाने नेलेला दगड त्याच्या निवृत्तीनंतर कपाटात पडून राहतो. दगडाला क्रमांक, जागा, खोली आणि त्यावर झालेल्या मोजमापांचा तपशील जोडलेला असेल, तर वीस वर्षांनी नवे गणित आल्यावर तोच दगड पुन्हा वाचता येईल. लोहाच्या केंद्रकाचा आकडा १९८१ ते १९९५ या चौदा वर्षांत दुप्पट झाला. मोजमापे जपून ठेवलेली होती म्हणूनच जुन्या खाचांचा नवा अर्थ लावता आला.

तिसरी, विदर्भातल्या महाविद्यालयांना यात जागा देणे. प्रवणतेचे गणित करायला रॉकेट लागत नाही. पदव्युत्तर भौतिकशास्त्राचा विद्यार्थी पायरोक्सिनच्या स्फटिकातील लोहाची प्रवणता संगणकावर काढू शकतो आणि लोणारच्या मोजमापाशी ताडून पाहू शकतो. मंगळावर यंत्र पाठवणे प्रत्येक विद्यापीठाला शक्य नाही, पण बुलढाणा जिल्ह्यातला दगड समजून घेणे शक्य आहे.

लोणारचा आघात काही क्षणांत संपला. त्याची नोंद लोहाच्या केंद्रकाभोवती लाखो वर्षे टिकून राहिली. ती वाचण्याचे गणित गेल्या पन्नास वर्षांत माणसाच्या हाती आले, आणि त्यात भारतीय नावे पुढच्या रांगेत होती. वाचता येऊ लागले नेमके तेव्हाच पाने फाटू देणे परवडणारे नाही.